पेटी रिकामी दिसते, पण असते का?

जत्रेतल्या तंबूत टेबलावर एका मुलीचे नुसते मुंडके असते. टेबलाच्या पायांमधून मागचा पडदा दिसतो, म्हणजे खाली धड नाही. तरी ते मुंडके डोळे मिचकावते, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर देते. तिकीट काढून आत गेलेला माणूस बाहेर येऊन सांगतो, ‘‘स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय!’’

डोळ्यांनी पाहिले हे खरेच. पण काय पाहिले? हा खेळ दीडशे वर्षांहून जुना आहे. लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ऑक्टोबर १८६५ मध्ये ‘कर्नल स्टोडेअर’ या नावाने खेळ करणाऱ्या जादूगाराने तो ‘स्फिंक्स’ म्हणून सादर केला. कल्पना थॉमस टोबिन यांची होती. तीन पायांच्या टेबलाचा एक पाय प्रेक्षकांकडे आणि दोन मागे. पुढच्या पायापासून मागच्या दोन्ही पायांपर्यंत एकेक आरसा उभा केलेला. आरशांत बाजूचे पडदे दिसतात आणि ते मागच्या पडद्याच्याच रंगाचे असल्याने प्रेक्षकाला वाटते, आपण टेबलाखालून आरपार पाहतो आहोत. माणूस मात्र आरशांमागे बसलेला असतो.

हेच तत्त्व वापरून शाळेच्या गॅदरिंगसाठी घरच्या घरी एक जादूची पेटी बनवता येते. आतून २० सेंटिमीटर लांब, रुंद आणि उंच असा पुठ्ठ्याचा खोका घ्यावा. पुढची बाजू पूर्ण उघडी ठेवावी. तळाला आणि दोन्ही बाजूंना आतून सारख्या चौकटींचा कागद चिकटवावा. आता २० सेंटिमीटर रुंद आणि २८ सेंटिमीटर लांब आरसा तिरका बसवायचा: वरची कड पेटीच्या पुढच्या वरच्या कडेला, खालची कड मागच्या तळाच्या कोपऱ्यात, चकचकीत बाजू खाली आणि समोर. २८ हा आकडा पायथागोरसच्या प्रमेयातून येतो. २० सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण जवळपास तेवढाच असतो. वरचे झाकण पुढच्या कडेला चिकटपट्टीने जोडावे, म्हणजे उघडल्यावर ते आडोशासारखे उभे राहते. आरशाची वरची कड पुठ्ठ्याच्या बारीक पट्टीने झाकावी.

समोरून पाहिले की पेटी पूर्ण रिकामी दिसते. आरसा ४५ अंशांत असल्याने तळाचे प्रतिबिंब नेमके मागच्या भिंतीच्या जागी उभे राहते. खऱ्या मागच्या भिंतीला कागद लावला नाही तरी चालते. ती कोणाला दिसतच नाही. आणि निम्मी पेटी आरशामागे मोकळी राहते. आधीच तिथे रुमाल भरून ठेवले, ‘रिकामी’ पेटी सगळ्यांना दाखवली आणि वरचे झाकण उघडून एकामागून एक रुमाल बाहेर काढले, की टाळ्या ठरलेल्या.

मुलांच्या हाती काच देऊ नये. आरशासारखी चकाकणारी ॲक्रिलिकची शीट हलकी असते आणि फुटून हात कापण्याचा धोका कमी असतो. काचच वापरायची असेल तर दुकानातूनच कडा घासून घ्याव्यात आणि बसवण्याचे काम मोठ्यांनी करावे. माणसाला खोक्यात कोंडण्याचे किंवा आगीचे प्रयोग घरी करूच नयेत.

पेटी बनली म्हणजे जादू झाली असे नाही. आरशावर बोटाचा ठसा उमटला तर तिथे काहीतरी पृष्ठभाग आहे हे लगेच कळते. पेटीत हात घातला की दोन हात दिसतात. पेटी प्रेक्षकांच्या नजरेपेक्षा उंच ठेवली तर आरशात समोरचे टेबल दिसू लागते. म्हणून आधी प्रेक्षकांच्या जागी बसून स्वतः पाहावे लागते, घरच्यांना बसवून विचारावे लागते. ‘समोरच्याला काय दिसते?’ हा प्रश्न मूल इथे शिकते.

मग मेंदू फसतो कसा? आरसा चांगला असेल तर त्याचा पृष्ठभाग दिसत नाही, फक्त त्यातले चित्र दिसते. उरलेली जागा मेंदू सवयीने भरून काढतो. गुस्ताव कून आणि मायकेल लँड यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात जादूगाराने चेंडू दोनदा वर फेकला आणि तिसऱ्यांदा फेकल्याचा नुसता आविर्भाव केला. त्याची नजर वर जाताच जवळपास दोन तृतीयांश प्रेक्षकांना न फेकलेला चेंडू वर गेलेला ‘दिसला’.

गुपित कळले तरी मेंदूवरचा परिणाम पुसला जातोच असे नाही. डॉ. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात अमेरिकेत हात गमावलेल्या रुग्णांसाठी आरशाची साधी पेटी वापरली. हात नसूनही तो आवळला गेल्याच्या वेदना अशा काहींना होतात. धडधाकट हाताचे प्रतिबिंब गमावलेल्या हाताच्या जागी दिसले आणि तो हात हलवला, की काहींना ती आवळलेली मूठ सुटल्यासारखी वाटली. समोर आरसा आहे हे त्यांना पक्के माहीत होते. सगळ्यांना सारखा उपयोग होतो असे नाही, आणि हा उपचार तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच करायचा असतो. पण ‘मी शिकलेला आहे, मी फसणार नाही’ हा भरवसा किती कच्चा आहे, ते यातून कळते.

भोंदूबाबा याच भरवशावर जगतात. रिकाम्या हातातून अंगारा, पोटातून ‘काढलेला’ खडा, हे पाहून माणूस दवाखाना सोडतो, औषध बंद करतो आणि आजार वाढतो. म्हणूनच अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते गावोगावी हेच ‘चमत्कार’ करून दाखवतात आणि मग त्यामागचे विज्ञान सांगतात. चमत्काराचा दावा करून लोकांना फसवणे आणि पैसे कमावणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. जादूगार मात्र ‘ही हातचलाखी आहे’ हे लपवत नाही. ती कशी केली एवढेच लपवतो.

ज्या मुलाने स्वतः पुठ्ठा कापून पेटी बनवली, ते मूल पुढे कोणत्याही चमत्कारासमोर हात जोडण्याआधी आरसा कुठे असेल ते शोधेल. बोलत्या मुंडक्याच्या टेबलाखाली कागदाचा बोळा फेकला, तर तो पलीकडे जात नाही. आरशावर आपटून परत येतो. खेळात असा बोळा फेकून कोणाचा रंगाचा बेरंग करू नये. पण आपल्या आरोग्याचा आणि पैशाचा प्रश्न असेल, तेव्हा तो जरूर फेकून पाहावा.