फोटो काढायला शिकायचे कशाला?

परवा गोराईचे एक नाखवा खाडी ओलांडून बोरिवलीला माझ्याकडे आले. म्हणाले, "गुरुजी, पोरगा बारावी झाला. आता फोटोचं शिक्षण घेतो म्हणतो. मोबाईलवर बोट ठेवलं की फोटो निघतो. त्याला चार वर्षं कॉलेज कशाला? जाळ्यांचे पैसे त्यात जातील."

मी म्हणालो, "नाखवा, होडी तर कोणीही ढकलील. पण वारा आणि भरती ओळखायला तुम्हांला किती वर्षं लागली?" ते हसले.

फोटो म्हणजे उजेडाने काढलेले चित्र. कौलाच्या फटीतून जमिनीवर कवडसा पडतो. फट वेडीवाकडी, पण कवडसा गोल! कारण ते सूर्याचेच चित्र असते. खोली बंद करून अंधार करा. खिडकीला पुठ्ठा लावा. त्याला वाटाण्याएवढे भोक पाडा. बाहेर लख्ख ऊन असले, तर बाहेरचे झाड समोरच्या भिंतीवर उलटे दिसेल.

कॅमेरा ही अशीच लहानशी अंधारी खोली. भोकाच्या जागी भिंग असते. भिंतीच्या जागी पूर्वी फिल्म असे. आता बहुतेक कॅमेऱ्यांत उजेड टिपणारी पट्टी असते. तिला सेन्सर म्हणतात.

मोबाईल हे काम आपोआप करतो. पण उजेड कोठून घ्यावा, किती घ्यावा, हे शिकावे लागते. भर दुपारी डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. पापलेटावर उजेड चमकला, की मासा नुसता पांढरा डाग दिसतो. अशा फोटोने माल खपेल काय?

मुंबईत महात्मा फुले मंडईजवळ सर ज. जी. कलाशाळा आहे. ती १८५७ साली निघाली. २०२३ साली तिला विद्यापीठाचा दर्जा मिळाला. तेथे उपयोजित कलेची चार वर्षांची पदवी घेता येते. त्यात फोटोग्राफी शिकवतात.

त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके १८८५ साली याच शाळेत आले. पुढे ते बडोद्याच्या कलाभवनात फोटोची विद्या शिकले. त्यांनी गोध्र्याला फोटोचा धंदा काढला. तेथे प्लेगने बायको व मूल गेले. धंदा बंद पडला. पण विद्या गेली नाही. १९१२ साली त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला. रोज त्याचे चित्र घेतले. ती चित्रे भराभर पडद्यावर दाखवली, तेव्हा लोकांच्या डोळ्यांदेखत रोप वाढले! ते पाहून एकाने त्यांना भांडवल दिले. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' चित्रपट झाला. गोरेगावच्या चित्रनगरीला आज त्यांचेच नाव आहे.

मी नाखवांना स्पष्ट सांगितले, "पदवी घेतली म्हणजे पैसा मिळेलच, असे नाही. आधी फी विचारा, सवलती विचारा. मुलाला खरी आवड आहे का, ते पाहा. मग ठरवा."

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "गुरुजी, पुठ्ठ्याला भोक पाडलं. आमची होडी भिंतीवर उलटी दिसली! पोराला घेऊन सोमवारी फी विचारायला जातो."