विश्रामपूर : छत्तीसगडमधील चर्चची सेवा आणि मालगुजारी

रायपूर : छत्तीसगडमधील प्रोटेस्टंट सेवाकार्याची मुळे रायपूरच्या उत्तरेकडील विश्रामपुरात आहेत. १८६८ मध्ये जर्मन धर्मोपदेशक ऑस्कर लोहर येथे आले, तेव्हा हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. गुरू घासीदासांचे अनुयायी असलेले सतनामी मोठ्या संख्येने ख्रिस्ती होतील, ही त्यांची अपेक्षा फलद्रूप झाली नाही.

धर्मांतरितांना जातीबाहेर टाकले जाई. त्यांना जमीन व रोजगाराचा आधार हवा होता. मिशनने तो दिला, शाळा व दवाखाना चालविला. मात्र गावाचा मालगुजारही मिशनच होता. उपचार करणारा हातच शेतसारा वसूल करी. त्यामुळे आधाराबरोबर अवलंबित्वही वाढले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपुष्टात आली आणि हे नाते बदलले.

सेवाकार्य मात्र टिकले. १८९७ मध्ये चांदखुरी येथे सुरू झालेल्या कुष्ठसेवा केंद्राचे पुढे रुग्णालय झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी बाप्टिस्टांसह सहा पंथीय प्रवाहांनी नागपुरात ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केले; छत्तीसगडमधील ही परंपराही त्यात सामील झाली. उपासनेइतकेच शिक्षण आणि आरोग्य हे या वारशाचे मोजमाप ठरते.