गाऊटचे पथ्य आणि जैन घरातील ताट

मध्यरात्री पायाचा अंगठा एकाएकी लालबुंद होतो, सुजतो आणि पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. गाऊट या नावाने ओळखला जाणारा हा विकार मांसाहार व मद्य यांच्याशी इतका जोडला गेला आहे की, ज्या घरात या दोहोंना थारा नाही तेथे त्याचे निदान झाले म्हणजे आश्चर्य वाटते. मग कोणाच्या तरी सांगण्यावरून ताटातील डाळ बंद होते. पथ्य चुकते ते येथेच.

हा विकार समजण्यास जमाखर्चाची वही पुरेशी आहे. शरीरातील पेशींच्या झिजेतून आणि अन्नातील प्युरीन या द्रव्यापासून युरिक ॲसिड तयार होते, ही जमा. त्यातील सुमारे दोनतृतीयांश मूत्रपिंडे व उरलेले आतडी बाहेर टाकतात, हा खर्च. बहुतेक रुग्णांत दोष खर्चाच्या बाजूस असतो. रक्तातील प्रमाण डेसिलिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या वर राहू लागले की सांध्यांत स्फटिक साचू शकतात. आनुवंशिकता, स्थूलता, मूत्रपिंडाचे विकार किंवा रक्तदाबावरील काही गोळ्या यांमुळे शुद्ध शाकाहारी माणसासही गाऊट होतो तो यामुळेच.

अमेरिकेत 47,150 पुरुषांच्या आहाराचे 12 वर्षे निरीक्षण करून केलेला अभ्यास 2004 साली प्रसिद्ध झाला. मांस व मासे अधिक खाणाऱ्यांत गाऊट अधिक आढळला. परंतु वाटाणा, डाळी, पालक, फुलकोबी यांसारख्या प्युरीनयुक्त वनस्पतिजन्य पदार्थांमुळे धोका वाढल्याचे दिसले नाही. कमी स्निग्धांशाचे दूध-दही घेणाऱ्यांत तर तो कमी होता. डाळ हा शाकाहारी घरातील प्रथिनांचा मुख्य आधार आहे. तो काढून घेतल्याने अंगठ्याचे दुखणे थांबत नाही. उतारवयात स्नायू मात्र क्षीण होतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

हात आखडायचाच तर तो गोडावर आखडावा. साखरेतील फ्रुक्टोजचे यकृतात विघटन होताना युरिक ॲसिड वाढते. पेढीवर पाहुण्यांसमवेत घेतलेले शीतपेय, बाटलीबंद फळांचा रस, प्रत्येक मंगलकार्यातील मिठाई यांचा हिशेब कोणी ठेवत नाही. बाह्य तपातील रसपरित्याग येथे गोडाच्या त्यागाने साधता येईल आणि ऊनोदरीने वजन हळूहळू आटोक्यात येईल.

दुसरी बाब पाण्याची. गादीवर बसल्या बसल्या दिवस निघून जातो, पाणी पिण्याचे राहते आणि सूर्यास्तानंतर चौविहार असतो. रात्रभर शरीर कोरडे राहते. म्हणून नवकारशी पारल्यापासून सायंकाळपर्यंत उकळलेले पाणी ठरावीक वेळांनी प्यावे. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी त्याचे प्रमाण विचारून घ्यावे. रात्रीची गोळी व्रतामुळे चुकत असेल, तर ती दिवसा घेता येईल का, हेही डॉक्टरांना विचारावे.

सर्वाधिक सावधगिरी हवी ती पर्युषणात व दशलक्षण पर्वात. निराहार अवस्थेत चरबी जळून कीटोन द्रव्ये निर्माण होतात. त्यामुळे मूत्रपिंडांतून युरिक ॲसिड कमी प्रमाणात बाहेर पडते. पाणीही कमी पडले, तर तपाच्या मध्यावरच तीव्र वेदना उद्भवू शकते. म्हणून गाऊटच्या रुग्णाने अठाईचे पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. त्यांनी मनाई केल्यास बियासणे किंवा ऊनोदरी स्वीकारण्यात न्यूनता नाही. तत्त्वार्थसूत्रातील सोळा कारणभावनांत त्याग आणि तप ही शक्तीनुसारच सांगितली आहेत. घरच्यांनी व स्नेह्यांनीही अशा व्यक्तीस मोठ्या तपाचा आग्रह करू नये.

आहाराची मर्यादाही ध्यानात असावी. काटेकोर पथ्याने युरिक ॲसिड साधारणपणे 1 मिलिग्रॅमने उतरते. उपचारात ते 6 च्या खाली ठेवावयाचे असते. त्यामुळे दुखणे थांबले म्हणून गोळी आपल्या मनाने सोडू नये. वेदना शमली तरी सांध्यांत साचलेले स्फटिक तेवढ्याने नाहीसे होत नाहीत.