चुकीला दाद न देणारी बाहुली

प्रशिक्षणाचे उपकरण जितके खऱ्यासारखे तितके चांगले, असा समज आपल्याकडे पक्का आहे. वैद्यकीय शिक्षणासाठी आज डोळे मिचकावणारे, घाम येणारे, कण्हणारे पुतळे मिळतात आणि त्यांची किंमतही त्या हुबेहूबपणावरच चढत जाते. पण साठहून अधिक वर्षे जगभर वापरात असलेली ‘रिससी अ‍ॅन’ ही नॉर्वेची बाहुली पाहिली, तर हा समज तपासून घ्यावासा वाटतो. १९६० साली ती आली, तेव्हा तिच्यात खऱ्या माणसासारख्या हालणाऱ्या गोष्टी अगदी मोजक्या होत्या. मान मागे कलवल्याशिवाय तिच्या छातीत हवा जात नसे आणि पुरेसा जोर लावल्याशिवाय छाती खाली दबत नसे. बाकी सारे प्लास्टिक. तिचे मोठेपण या नकार देण्यात आहे. शिकणाऱ्याची कृती चुकली तर ती दाद देत नाही, आणि चुकले कुठे हे सांगायला शिक्षकाची वाटही पाहावी लागत नाही.

हा नकार इतका महत्त्वाचा का, हे कळण्यासाठी त्याआधीची परिस्थिती पाहावी लागते. बुडालेल्या किंवा विजेचा धक्का बसलेल्या माणसाला पालथे घालून पाठ दाबायची, हात वर ओढायचे, अशा पद्धती १९५०च्या दशकापर्यंत सर्वत्र शिकवल्या जात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर येथे पीटर साफार या भूलतज्ज्ञाने स्वयंसेवकांना औषधाने तात्पुरते निश्चेष्ट करून या पद्धती प्रत्यक्ष मोजल्या. बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून श्वासमार्ग बंद होतो. मग पाठ कितीही दाबली तरी फुप्फुसात पुरेशी हवा जात नाही, हे त्यातून दिसले. डोके मागे कलवून तोंडाने श्वास दिला तर मात्र हवा जाते. आपल्या उच्छ्वासातही सुमारे १६ टक्के ऑक्सिजन उरलेला असतो, आणि तेवढा पुरतो. प्रश्न राहिला शिकवण्याचा. एकमेकांवर सराव करणे किळसवाणे आणि धोक्याचे. शिवाय शुद्धीतल्या माणसाचा श्वासमार्ग उघडाच असतो, म्हणून मान चुकीची धरली तरी काही बिघडल्याचे जाणवत नाही. जी चूक टाळायला शिकायचे, तीच चूक जिवंत जोडीदारावर दिसत नाही. ब्यर्न लिंड या नॉर्वेजियन भूलतज्ज्ञामार्फत हा प्रश्न स्टाव्हांगर शहरातल्या आस्मुंड लेर्दाल यांच्यापर्यंत गेला. ते खेळणी बनवत. मऊ प्लास्टिकच्या बाहुल्या आणि मोटारी हा त्यांचा धंदा, आणि प्रथमोपचाराच्या सरावासाठी खोट्या जखमाही त्यांनी तयार केल्या होत्या. न फाटणारे, धुता येणारे, माणसाच्या कातडीसारखे दबणारे साहित्य कसे ओतायचे हे त्यांच्या कारखान्याला ठाऊक होते, आणि ही गोष्ट डॉक्टरांकडे नव्हती.

छातीतली स्प्रिंग मात्र दुसऱ्याच वाटेने आली, आणि ती वाट विजेच्या खांबांवरून जाते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वीज घरोघर जाऊ लागली, तसे तारा ओढणारे आणि दुरुस्त करणारे कामगार धक्क्याने मरू लागले. अमेरिकेतल्या वीज कंपन्यांनी त्यावर संशोधनासाठी पैसा दिला, आणि जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले विद्युत अभियंता विल्यम काउवेनहोव्हन या कामात शिरले. हृदयाची बिघडलेली लय बाहेरून विजेच्याच झटक्याने ताळ्यावर आणण्याचे यंत्र तयार करताना, १९५८ साली त्यांच्या हाताखालच्या गाय निकरबॉकर या विद्यार्थ्याच्या लक्षात आले की जड इलेक्ट्रोड कुत्र्याच्या छातीवर नुसते दाबले तरी रक्तदाब थोडा वर जातो. शल्यविशारद जेम्स ज्यूड यांच्यासह तिघांनी १९६० मध्ये छाती न उघडता हृदय चालते ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. साफार यांनी लेर्दाल यांना सुचवले, की बाहुलीच्या छातीत स्प्रिंग घाला. दवाखान्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या तळव्याखाली आज जी स्प्रिंग दबते, तिचे मूळ असे वीजदुरुस्तीच्या कामातल्या मृत्यूंत आहे. १९६७ साली फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिल येथे खांबावरच बेशुद्ध होऊन लटकलेल्या रँडल चँपियन या लाइनमनला सहकारी जे. डी. थॉम्प्सन यांनी वर चढून तोंडाने श्वास दिला आणि तो वाचला. ते छायाचित्र पुढे पुलित्झर पारितोषिकाने गाजले. खांबावर छाती दाबणे शक्य नसते. श्वास देता येतो, पण मान नीट कलली तरच.

आपल्याकडे या विद्येचे परिचित रूप म्हणजे भिंतीवरचा शॉक ट्रीटमेंटचा तक्ता. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांतल्या ४४व्या नियमाने उपकेंद्रांत आणि कारखान्यांत तो स्थानिक भाषेतही लावणे बंधनकारक केले. म्हणून महाराष्ट्रातल्या कितीतरी वायरमननी तो मराठीत रोज पाहिला आहे. तक्ता लावण्याला माझा आक्षेप नाही. पण कागद चुकीला नकार देऊ शकत नाही. चार सेंटिमीटर दाबले काय आणि साडेपाच दाबले काय, तक्त्यावरचे चित्र तेच राहते. आज प्रौढ माणसासाठी पाच ते सहा सेंटिमीटर खोली आणि मिनिटाला १०० ते १२० दाब सांगितले जातात. हे अंक पाठ करून हाताला कळत नाहीत; ते स्प्रिंगवरच कळतात.

यावर पहिला आक्षेप असा, की रूपाला महत्त्व नसेल तर या बाहुलीला इतका देखणा चेहरा कशाला? पॅरिसमध्ये सापडलेल्या एका अनामिक तरुणीच्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या मुखवट्यावरून तो घेतला आहे. पुरुष शिकाऊंना पुरुषाच्या पुतळ्याच्या तोंडाला तोंड लावायला संकोच वाटेल, असा लेर्दाल यांचा विचार होता. म्हणजे चेहरा हा शिकणाऱ्याला जवळ बोलावण्यासाठी होता, कौशल्य शिकवण्यासाठी नव्हे. पण इथे आक्षेपात तथ्यही आहे. चेहरा स्त्रीचा असला तरी अशा बहुतेक पुतळ्यांची छाती सपाट असते; आणि अमेरिकेतल्या एका अभ्यासात सार्वजनिक ठिकाणी कोसळलेल्या पुरुषांपैकी ४५ टक्क्यांना, तर स्त्रियांपैकी ३९ टक्क्यांनाच बघ्यांकडून छाती दाबण्याची मदत मिळाल्याचे आढळले. या फरकाचे सगळे खापर पुतळ्यावर फोडता येणार नाही. तरी संकोच हीसुद्धा एक चूक आहे, आणि सरावात ती कधी समोरच येत नसेल तर मोडायची कशी? म्हणून माझा मुद्दा जरा नेमका करून सांगतो: ज्या ठिकाणी माणूस चुकतो, तेवढ्या ठिकाणी उपकरण खऱ्यासारखे हवे. संकोचाने हात अडत असेल तर छातीचा आकार खरा हवा. घाम आणि पापण्या नसल्या तरी चालेल.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. माणसांच्या छात्या एकसारख्या नसतात. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात, आणि तो आवाज ऐकून हात थांबतात. बाहुली हे शिकवत नाही, हे मान्यच करायला हवे. शिवाय शिकलेले कौशल्य काही महिन्यांतच ओसरू लागते, असे अभ्यास पुन्हा पुन्हा सांगतात. पण ओसरण्याच्या दुखण्यावर महागडा पुतळा हा उपाय नाही. वारंवार हाताशी येणारा स्वस्त पुतळा आहे. लेर्दाल कंपनीनेच २००५ मध्ये हवा भरून फुगवायची छोटी बाहुली काढली. योग्य खोलीपर्यंत दाब गेला की ती ‘टक्’ असा आवाज करते, आणि कुटुंबातले कोणीही घरी सराव करू शकते. भारतीय भूलतज्ज्ञांनी २०१७ मध्ये सामान्य माणसासाठी फक्त छाती दाबण्याची सोपी पद्धत सुचवली, तेव्हापासून तर सर्वसामान्यांच्या सरावाला श्वासमार्गाचीही गरज उरलेली नाही. लाइनमनला ती आहे, कारण त्याला खांबावर काम करायचे असते.

वीज नियमांत आजही तक्त्यासोबत अशी अपेक्षा आहे, की कर्मचाऱ्यांना त्यातल्या सूचना अमलात आणता आल्या पाहिजेत. ही पात्रता तपासायची कशी, याचे उत्तर तक्त्याकडे नाही. आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन वर्गात आणि प्रत्येक उपविभागाच्या कार्यालयात स्प्रिंग असलेले एक धड आणि कलणारी मान ठेवली, दर तीन महिन्यांनी प्रत्येकाकडून दोन मिनिटे दाबून घेतले, तर त्या कलमाला मोजता येईल असा अर्थ येतो. दोन मिनिटांत बहुतेकांचे हात थकतात आणि दाब उथळ होतो. म्हणूनच दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला असे सांगतात. आणि खांबाखाली उभ्या असलेल्या दुसऱ्या माणसालाही हे यायला हवे, ते याचसाठी.