मुंबई : छपराचा हिशेब

• १९८५ : ओल्गा टेलिस खटला. पदपथवासीयांच्या या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला.

• १९९५ : झोपडपट्टी कायद्यात बदल, नवे झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण. त्याच्या योजनेत पात्र झोपडीधारकाला आज ३०० चौरस फुटांचे घर मोफत. ज्याला झोपडीही नाही, तो या योजनेबाहेर.

• २०११ : जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १.२४ कोटी, बेघर सुमारे ५७ हजार.

• बेघरांसाठीच्या निवाऱ्यांचा निकष : लाख लोकसंख्येमागे एक निवारा, चोवीस तास, बारमाही. म्हणजे मुंबईला सव्वाशेच्या आसपास हवेत.

• चोवीस तास का? दुकानासमोर झोपणाऱ्याला शटर वर जाण्याआधी पथारी गुंडाळावीच लागते. रात्रपाळी करून आलेल्या हमालाने मग झोपायचे कुठे?