सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली? 'डिलीट' दाबायच्या आधी हे वाचा



मागच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. घरगुती मसाल्यांचा व्यवसाय आहे त्यांचा. "सर, लॅपटॉप फॉरमॅट करून घेतला आणि दोन वर्षांचा हिशोबच गेला!" बॅकअप घेतला नव्हता का? घेतला होता की. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स, दोन्ही पेनड्राइव्हवर. पण त्यांच्या बिलिंग सॉफ्टवेअरचा डेटा होता सी ड्राइव्हवरच्या 'प्रोग्रामडेटा' फोल्डरमध्ये, आणि हा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. दिसलाच नाही, तर कॉपी कोण करणार?

तुमच्याकडे काय लपलंय ते बघा. विंडोज 11 मध्ये फाइल एक्सप्लोरर उघडा, व्ह्यू, मग शो, मग हिडन आयटम्स. विंडोज 10 मध्ये वर व्ह्यू टॅबमध्येच टिक आहे. पुसट रंगाचे फोल्डर दिसू लागतील. 'ॲपडेटा'ही दिसेल, क्रोमचे बुकमार्क वगैरे त्यातच असतात.

आता गंमत अशी, की हे दिसलं की हात शिवशिवतात. "एवढा कचरा? उडवा!" थांबा. डेस्कटॉपवर कधी 'डेस्कटॉप.आयएनआय' दिसली, तर तो व्हायरस नाही. एक्सेल उघडं असताना नावापुढे डॉलरचं चिन्ह असलेली जुळी फाइल दिसते, तीही एक्सेल बंद केलं की आपोआप जाते.

याच्याही आत आणखी एक थर असतो, 'प्रोटेक्टेड' सिस्टिम फाइल्सचा. तिथली 'पेजफाइल' अनेक जीबीची असते. रॅम कमी पडली की विंडोज तीच वापरतं, तिला हात लावू नका. 'हायबरफिल' मात्र वेगळी. लॅपटॉप हायबरनेट होताना रॅममधलं सगळं त्यात उतरतं. हायबरनेट वापरतच नसाल, तर ते कमांडने बंद करता येतं, फाइल आपोआप जाते. मात्र फास्ट स्टार्टअपही बंद होतो, मशीन सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागतो. जागाच हवी असेल तर माझं मत विचाराल तर आधी सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन टेम्पररी फाइल्स काढा.

आणि हो, झेरॉक्सच्या दुकानातून पेनड्राइव्ह परत आला आणि सगळ्या फाइल्सचे शॉर्टकट झाले? त्यावर क्लिक करू नका, फॉरमॅटही करू नका. व्हायरसने बहुतेक वेळा मूळ फाइल्स फक्त लपवलेल्या असतात. आधी अँटिव्हायरस चालवा, मग वरची टिक करून बघा. नाहीच दिसल्या तर प्रोटेक्टेड थरही तेवढ्यापुरता उघडा.

आजच तुमच्या सॉफ्टवेअरवाल्याला फोन करा आणि एवढंच विचारा, "माझा डेटा नक्की कुठल्या फोल्डरमध्ये आहे?" ताई सध्या जुन्या बिलबुकांवरून नोंदी पुन्हा टाकतायत. अजून सात महिने बाकी आहेत.