१६ जीबी रॅम आणि १०८ मेगापिक्सेल: नवीन फोन घेताना खोक्यावरचं काय खरं धरायचं?

बारावीचा निकाल लागला किंवा पहिला पगार झाला की घरात पहिला विषय निघतो तो नवीन मोबाईलचा. माझ्या मावसभावाचंही तसंच झालं. पहिल्या नोकरीचे दोन पगार साठवून त्याने साडेअकरा हजारांचा फोन घेतला. दुकानदार म्हणाला, "दादा, १६ जीबी रॅम आहे, डोळे झाकून घ्या." त्याने खरंच डोळे झाकून घेतला. वर्षभरात अशी वेळ आली की चहाच्या टपरीवर यूपीआय ॲप उघडेपर्यंत मागचे दोघे पैसे देऊन निघून जायचे. फोन बिघडलेला नव्हता, सर्व्हिस सेंटरनेही तेच सांगितलं. तो मुळातच तसा होता.

म्हणून आज "टॉप १० मोबाईल" अशी यादी देणार नाही. दुकानात उभं राहून नक्की काय विचारायचं, ते बघूया.

१६ जीबी रॅम म्हणजे किती?

खोक्यावर १६ जीबी मोठ्या अक्षरात असतं आणि खाली मुंगीएवढ्या अक्षरात "८ + ८". कधी कधी ४ + ४ लाच ८ जीबी म्हणून विकतात. यातला दुसरा आकडा खऱ्या रॅमचा नसतो. त्याला व्हर्च्युअल रॅम म्हणतात. फोन आपल्याच स्टोरेजमधला एक कोपरा बाजूला काढतो आणि रॅम भरली की मागे पडलेल्या ॲप्सचा डेटा तिथे नेऊन ठेवतो. स्टोरेज हे रॅमपेक्षा कितीतरी संथ असतं, त्यामुळे याने फोन वेगवान होत नाही. फार तर एखादं ॲप थोडा जास्त वेळ मागे उघडं राहतं. तुम्ही फक्त पहिला आकडा मोजा. रोजचं व्हॉट्सॲप, इन्स्टा, यूपीआय आणि थोडंफार गेमिंग एवढं असेल तर ६ जीबी खरी रॅम ठीक आहे, ८ असेल तर निवांत.

पण माझ्या भावाच्या फोनमध्ये खरी गोची वेगळीच होती, आणि ती खोक्यावर लिहिलेलीच नव्हती.

स्टोरेज किती ते सगळे विचारतात, कोणतं ते कोणी विचारत नाही

१२८ जीबी स्टोरेज दोन प्रकारचं असू शकतं: ईएमएमसी आणि यूएफएस. स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा ईएमएमसी ५.१ असतं. त्याचा कागदावरचा कमाल वेग सेकंदाला सुमारे ४०० एमबी. यूएफएस २.२ कागदावर हजाराच्या वर जातं. प्रत्यक्षात दोन्ही आकडे कमीच मिळतात, पण फरक राहतोच.

आणि फरक नुसता वेगाचा नाही. ईएमएमसी हा गावाकडच्या अरुंद पुलासारखा असतो. समोरून एसटी येत असेल तर आपल्याला अलीकडेच थांबावं लागतं. म्हणजे एका वेळी डेटा वाचणं किंवा लिहिणं, दोन्हींपैकी एकच काम होतं. यूएफएसमध्ये दोन्ही बाजूंची वाहतूक एकदम चालते. आता विचार करा, मागे प्ले स्टोअर ॲप्स अपडेट करतंय, व्हॉट्सॲपवर कुटुंबाच्या ग्रुपमधले व्हिडिओ उतरतायत आणि त्याच वेळी तुम्ही क्यूआर स्कॅन करायला ॲप उघडताय. ईएमएमसीवाला फोन नेमका इथे गुदमरतो. त्यात स्टोरेज काठोकाठ भरलं असेल तर विचारूच नका. आणि वर सांगितलेली व्हर्च्युअल रॅमही याच संथ स्टोरेजवर बसवलेली असते, हा आणखी एक विनोद!

दुकानदाराला हे बहुतेक वेळा माहीत नसतं. कंपनीच्या वेबसाईटवर त्या मॉडेलच्या स्पेसिफिकेशनमध्ये "स्टोरेज टाईप" बघा. तिथे प्रकार लिहिलाच नसेल तर मी तरी तो ईएमएमसी आहे असंच धरून चालतो. माझं स्पष्ट मत आहे, १०-१५ हजारांच्या बजेटमध्ये कॅमेऱ्याचा एक आकडा कमी चालेल, पण यूएफएस सोडू नका.

अपडेट किती वर्षं, आणि कधीपासून?

अपडेट म्हणजे नुसते नवे आयकॉन नाहीत. सिक्युरिटी पॅच बंद झाला की फोनमधली सापडलेली भोकं तशीच उघडी राहतात, आणि आपलं बँक खातं त्याच फोनमध्ये असतं. पुढे बँकांची ॲप्सही जुन्या अँड्रॉइडवर चालणं बंद होतं.

गुगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये गॅलेक्सी एस२४ साठी ७ वर्षांच्या अपडेटचं आश्वासन दिलं. हे महागडे फोन झाले. पण त्याच वर्षी आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी सारख्या कमी किमतीच्या फोनलाही सॅमसंगने ६ वर्षं जाहीर केली. म्हणजे स्वस्त फोनकडून ही अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

इथे एक मेख आहे. ही वर्षं साधारणपणे मॉडेल बाजारात आलं तेव्हापासून मोजतात, तुम्ही घेतलं तेव्हापासून नाही. दिवाळी सेलमध्ये भरघोस सूट असलेला फोन दोन वर्षांपूर्वी आलेला असेल आणि त्याला तीनच वर्षं अपडेट असतील, तर तुमच्या वाट्याला एकच वर्ष उरलं. दुकानातल्या डेमो फोनवर सेटिंग्जमध्ये "अबाउट फोन" उघडून सिक्युरिटी पॅचची तारीख बघा. ती वर्षभर जुनी असेल तर कंपनीची आस्था कळते.

५जी लिहिलंय, पण तुमच्या सिमवर चालेल का?

हे तर बऱ्याच जणांना माहीतच नसतं. ५जी दोन पद्धतींचं असतं. एसए म्हणजे पूर्णपणे स्वतंत्र ५जी नेटवर्क आणि एनएसए म्हणजे ४जीच्या पायावर उभं केलेलं. जिओने सुरुवातीपासून एसए निवडलं, एअरटेलने मोबाईलसाठी एनएसएने सुरुवात केली. २०२४ च्या शेवटी आलेला रेडमी ए४ ५जी फक्त एसए चालवतो, म्हणजे एअरटेलच्या एनएसए नेटवर्कवर त्याला ५जी मिळत नाही, ४जीवरच राहावं लागतं. नावात ५जी असूनही! तेव्हा स्वस्तातला ५जी फोन घेताना "एसए/एनएसए" दोन्ही लिहिलंय का ते बघा. जिओचं सिम असेल आणि गावाकडे राहत असाल तर बँडच्या यादीत एन२८ हवाच. तो ७०० मेगाहर्ट्झचा आहे, लांब जातो आणि भिंतीतूनही बरा पोचतो.

कॅमेरा, स्क्रीन वगैरे

१०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा नेहमीचा फोटो साधारण १२ मेगापिक्सेलचाच काढतो. नऊ पिक्सेल एकत्र करून एक बनवतो, त्याने कमी उजेडात फायदा होतो. मागचा २ मेगापिक्सेलचा मॅक्रो कॅमेरा भरतीला असतो, तो मोजू नका. दुकानातच, आतल्या उजेडात, चालत्या माणसाचा फोटो काढून बघा. स्क्रीन एचडी+ आहे की फुल एचडी+ ते विचारा, आणि फोन दाराबाहेर उन्हात नेऊन दिसतं का बघा. आयपी रेटिंग असलं तरी पाण्याने बिघडलेला फोन बहुतेक कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत.

"नो कॉस्ट" ईएमआय

शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सांगितलं होतं. होतं असं की व्याजाएवढी सूट आधी किमतीत दिली जाते आणि मग बँक व्याज लावते. समजा १८,००० चा फोन, क्रेडिट कार्डवर २,००० चे ९ हप्ते आणि १६ टक्के दर. यात व्याज साधारण १,१४४ रुपये होतं. त्याची सूट मिळते, पण त्यावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे सुमारे २०६ रुपये, तुमच्याकडून जातो. वर १९९ रुपये प्रोसेसिंग फी असेल तर जीएसटीसह २३५. झाले ४४० रुपये. रक्कम मोठी नाही, पण रोखीने घेतल्यावर दुकानदार हजार-पाचशे कमी करणार असेल तर तेही यात धरा.

पैसे देण्याआधीची दोन मिनिटं

फोन चालू करून *#०६# डायल करा. दोन सिमचे दोन आयएमईआय नंबर दिसतील. तेच नंबर खोक्यावर आणि बिलावर आहेत का, एकेक आकडा जुळवा. मग केवायएम लिहून (इंग्रजी अक्षरांत), एक जागा सोडून तो १५ अंकी नंबर १४४२२ वर एसएमएस करा. तो आयएमईआय वैध आहे की काळ्या यादीत, ते उत्तरात येतं. संचार साथी पोर्टलवरही हेच तपासता येतं.

आणि "बिल नको, दोनशे कमी देतो" असं कोणी म्हटलं तर सरळ नाही म्हणा. फोन चोरीला गेला तर संचार साथीवर तो ब्लॉक करताना पोलीस तक्रारीसोबत खरेदीचं बिलही मागतात. बिलाचा फोटो काढा आणि तो त्याच फोनमध्ये न ठेवता घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी पाठवून ठेवा.